बैठक क्रमांक अकरा

दिलदार बारगीरनं जन्मात एकच अर्ज मनापासून लिहिला आणि नेमका तोच मंजूर झाला.

बाकीचे अर्ज, म्हणजे फीमाफीचा, ग्रंथालयाच्या दंडाचा, इंग्रजीच्या फेरतपासणीचा, कॉलेजच्या कचेरीत आपापल्या फायलीत सुखानं पडून होते. हा मात्र चौथ्याच दिवशी मंजूर होऊन आला. त्यावरूनच त्याला शंका यायला हवी होती. पण माणूस आनंदात असला की त्याच्या शंका बाहेरगावी गेलेल्या असतात.

साल चौऱ्याहत्तर. मंगळवार पेठेतल्या एका हायस्कूलच्या इमारतीत हे कॉलेज सकाळी सातला भरायचं आणि साडेदहाला, शाळेची पोरं अंगावर यायच्या आत, उठायचं. विद्यार्थी सगळे पोटापाण्याला लागलेले. कापडदुकानातले, गिरणीतले, वकिलांकडचे कारकून, शिवाय दोन पोस्टमन. इतिहासाच्या तासाला निम्मा वर्ग झोपलेला असायचा आणि उरलेल्या निम्म्याला प्राध्यापक झोपवत असायचे. हा वर्ग वर्षातून एकदाच जागा व्हायचा, तो स्नेहसंमेलनाला. कारण स्नेहसंमेलनात वग असायचा. ढोलकी, गाणी, राजा, प्रधान आणि सगळ्यांची फजिती करणारा सोंगाड्या.

वगातली कामं वाटायची एक रीत होती. ज्या तालमीची पोरं बाकं उचलायची त्या तालमीला राजा. ज्या तालमीच्या ओळखीनं ढोलकीवाला यायचा तिला प्रधान. आणि सोंगाड्या मिळायचा तो जनरल सेक्रेटरी ज्या तालमीत जोर काढायचा तिला. ही वाटणी इतकी पक्की होती की निवड चाचणी घ्यायची ती केवळ चहा प्यायला कारण हवं म्हणून. दिलदार कुठल्याच तालमीत नव्हता. त्याच्या छातीचा घेर एकतीस इंच होता, तोही श्वास रोखून. तीन वर्षं तो चाचणीला गेला आणि तीन वर्षं त्याला एकच उत्तर मिळालं.

"तुमच्या घरचाच पडदा हाय, तूच वढ की गड्या."

पडदा घरचा होता हे खरंच. दिलदारचे वडील शमशुद्दीन पडदे, कनाती आणि मांडवाच्या झालरी शिवायचे. पेठेतल्या कुठल्याही लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर जे कापड असायचं ते शमशुद्दीनच्या मशिनखालून गेलेलं असायचं. कॉलेज सुटलं की दिलदार दुकानात बसून झालरींना टीप मारायचा. आणि टीप मारता मारता समोरच्या गिऱ्हाइकाची नक्कल करायचा, एक शब्द न बोलता, नुसत्या तोंडानं.

ते तोंड ही देवाची चूक होती की देणगी, यावर घरात एकमत नव्हतं. भुवया अशा की एक वर गेली तरी दुसरीला पत्ता नसायचा. मान लांब. कान स्वतंत्र. त्याची सगळ्यात गाजलेली नक्कल म्हणजे चंदगडच्या एस.टी.चा कंडक्टर. हुसेनमामा चंदगडला असायचा, त्यामुळे दिलदारच्या त्या गाडीच्या फेऱ्या बऱ्याच झालेल्या. भर पावसातली गाडी, छत गळतंय, ऐंशी माणसं, त्यात कुणाच्या काखेत कोंबडी, आणि मधून वाट काढणारा कंडक्टर. थेंब पडतोय तो बरोबर त्याच्या मानेवर. तो सरकतो, थेंबही सरकतो. पण अंगावर सरकारी खाकी आहे, त्यामुळे चेहऱ्यावर काही दाखवता येत नाही. एवढंच. हे बघून एकदा एका लग्नघरचा म्हातारा इतका हसला होता की त्याला गादीवर आडवा करून वारा घालावा लागला.

यंदाचं वर्ष शेवटचं. बी.ए. झालं की जूनपासून हुसेनमामाच्या छत्र्यांच्या दुकानात बसायचं, हे ठरलेलं होतं. चंदगडात पाच महिने माणूस छत्रीखालीच असतो. तिथं पाऊस आडवा येतो म्हणून छत्री पुढं धरतात, आणि कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. त्याआधी एकदा, फक्त एकदा, पडदा वर जावा आणि आपण त्याच्या पलीकडच्या अंगाला उभं असावं, लोकांकडं तोंड करून, एवढंच दिलदारला हवं होतं.

म्हणून त्यानं अर्ज लिहिला. 'वगनाट्यातील पात्रांची निवड उमेदवाराचे नाव, पेठ अथवा तालीम न पाहता केवळ गुणांवर व्हावी, ही नम्र विनंती.'

प्राचार्य हुपरीकरांनी तो दोनदा वाचला आणि त्यांना भरून आलं. अकरा वर्षं त्यांनी विद्यापीठाच्या परीक्षांवर देखरेख केली होती. सीलबंद पाकिटं, लाख, सांकेतिक क्रमांक यांत त्यांचं तारुण्य गेलं होतं. जगातली सगळी भांडणं कागदावर नाव लिहिल्यामुळे होतात, असं त्यांचं मत होतं. इतक्या वर्षांत एका विद्यार्थ्याला ते पहिल्यांदाच पटलेलं दिसत होतं.

चौथ्या दिवशी नोटीस लागली. प्रत्येक उमेदवाराला बैठक क्रमांक मिळेल. नावं आणि क्रमांक यांची यादी सीलबंद राहील. परीक्षकांना उमेदवार ओळखू येऊ नये म्हणून चाचणी पडद्याआडून घेतली जाईल. एकूण गुण शंभर, पैकी उच्चार चाळीस, आवाज तीस, गायन वीस, विनोद दहा. विनोदात उत्तीर्ण होणे बंधनकारक नाही.

दिलदारनं नोटीस वाचली. मग बाजूला उभ्या असलेल्या गुंडू शिपायाला विचारलं, "गुंडूमामा, पडद्याआडनं म्हंजे?"

"म्हंजे पडद्याच्या आडनं," गुंडू म्हणाला.

गुंडू शिपाई अठरा वर्षं कॉलेजात होता. या अठरा वर्षांत त्याला कुणी हसताना बघितलं नव्हतं. त्याचं तोंड कायम नुकतीच तार वाचल्यासारखं असायचं. पाच प्राचार्य आले आणि गेले, त्या प्रत्येकाला वाटायचं की हा माणूस आपल्यावरच नाराज आहे.

"आरं पर मामा, सोंगाड्या काय आंधळ्यानं बघायचा असतो व्हय?"

"ते सायबास्नी इचार. आन जाताना ऐकून जा. पडदा तुमच्यातनंच आणायचाय."

दिलदार प्राचार्यांच्या खोलीत गेला.

"सर, विनोद बघावा लागतो," तो म्हणाला. "ऐकून समजत नाही. निदान माझा तरी."

"बारगीर, अर्ज तुमचाच आहे ना?"

"व्हय सर. पण..."

"नाव न पाहता म्हणजे चेहरा न पाहता. नाव काय कपाळावर लिहिलेलं असतं? ते चेहऱ्यावरूनच कळतं." प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि परीक्षार्थीनं परीक्षकाला खोलीत येऊन भेटणं याला काय म्हणतात, ठाऊक आहे? वशिला. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

दिलदार माफी मागून बाहेर आला. संध्याकाळी सायकलच्या कॅरियरला निळा पडदा बांधून त्यानं कॉलेजात पोचवला. प्राचार्यांनी पडद्यामागं गुंडूला उभं केलं, पुढून पाहिलं आणि म्हणाले, "सावली दिसते. सावलीवरून पेठ ओळखणारे लोक आहेत या गावात." दिलदार परत घरी गेला आणि दुसरा पडदा घेऊन आला.

"दोन पडदं?" शमशुद्दीन मशिनवरून मान वर न करता म्हणाले. "कुणाची बायको बघायला आणलीया का कॉलेजात?"

"मला सोंगाड्याचं काम मिळावं म्हणून लावल्यात, अब्बा."

"मग तीन लाव."

घरात एकटी ताजबी त्याच्या बाजूची होती. आईनं बाजू घ्यायला कारण लागत नाही. दिलदारनं रात्रंदिवस डोकं खाजवून कंडक्टरला शब्द शोधले. आजवर त्या कंडक्टरला बोलायची गरज पडली नव्हती. आता तो बोलायला लागला. "चला, पुढं सरका, पावणं! कोंबडीचं तिकीट काढलंय का?" असं काहीबाही. चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं आईला भिंतीकडं तोंड करून बसवलं.

"माझ्याकडं बघायचं न्हाय हं अम्मा. नुसतं ऐकायचं."

"बरं बाबा," ताजबी म्हणाली आणि सुपात तांदूळ निवडत भिंतीकडं बघत बसली.

तो दोन वाक्यं बोलला तोवर ताजबीचा खांदा हलला. चौथ्या वाक्याला सूप कलंडलं. सहाव्याला ती भिंतीला कपाळ टेकून हसत होती. "बस कर रे, मरेन मी! त्यो मानेवरचा थेंब! आगं बाई!"

थेंबाबद्दल दिलदार एक शब्द बोलला नव्हता. पण हे त्याच्या ध्यानात आलं नाही. बावीस वर्षं ताजबी ते तोंड बघत आली होती. भिंतीकडं बघितलं काय आणि डोळे मिटले काय, तिला ते दिसणारच होतं. दिलदारनं मात्र एवढाच हिशेब केला, की भिंतीआडून जमतंय म्हणजे पडद्याआडून जमणारच.

शमशुद्दीननी पायडल थांबवलं. "मला तर वाटलं कोण तरी आजारी हाय."

चाचणी रविवारी सकाळी आठला झाली. तेरा उमेदवार. स्टेजवर दुहेरी निळा पडदा, पुढं टेबलाशी प्राचार्य हुपरीकर आणि मराठीचे प्राध्यापक कुंभोजकर. कुंभोजकरांनी वग स्वतः लिहिला होता. नाव 'रॉकेलचा राक्षस'. त्या वर्षी रॉकेल दुकानात येतं असं सगळे म्हणत, पण प्रत्यक्ष कुणी बघितलेलं नव्हतं. कुंभोजकरांचा राक्षसही तसाच, वगभर दिसत नाही. शेवटी सोंगाड्या रॉकेलच्या पिंपावर काठी मारतो तेव्हा आतून त्याचं हसणं तेवढं ऐकू येतं. वगात जमलेली गोष्ट ही एकच, असं कुंभोजकरांचं स्वतःचंही मत होतं.

पडद्यामागं गुंडू स्टुलावर बसून क्रमांक पुकारत होता.

क्रमांक दहा होता आकाराम. हा जोतिबाच्या डोंगराखालच्या गावचा, स्वभावानं कीर्तनकार आणि चेहऱ्यानं कर्जवसुली अधिकारी. तो दिलदारच्याच वर्गातला, त्याला सोबत म्हणून आला होता. चिठ्ठ्या एक जास्त झाल्या म्हणून गुंडूनं त्याच्याही हातात एक दिली. आकारामला नाही म्हणायची सवय नव्हती. पण म्हणायचं काय? चैत्रात जोतिबाच्या यात्रेत तो हरवलेल्या माणसांची नावं माईकवर पुकारायचा. तेच त्याला पाठ होतं.

"पाडळीच्या तानाबाई," पडद्यामागून आकारामचा खणखणीत आवाज निघाला, "पाडळीच्या तानाबाई! आपले मालक गुलालाच्या दुकानापाशी रडत बसलेले आहेत. तरी त्यांना ताबडतोब येऊन घेऊन जावे."

टेबलावर पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "उच्चार!" प्राचार्य म्हणाले. "ऐकलेत का उच्चार? चाळीसपैकी चाळीस."

"आता पूर्वी सांगितल्याप्रमाणे तानाबाई," आकारामनं गाडी पुढं रेटली, "आपण न आल्यास मालकांना पोलीस चौकीत जमा करण्यात येईल."

"क्रमांक अकरा," गुंडूनं पुकारलं.

दिलदार मधोमध जाऊन उभा राहिला. समोर कापड, तेही आतल्या बाजूनं. टिपा, दुमडलेल्या कडा, एके ठिकाणी त्यानंच मारलेली वाकडी शिवण. त्यानं सुरुवात केली. "चला, पुढं सरका, पावणं!"

पडद्यापलीकडं कुणीच सरकलं नाही. "कोंबडीचं तिकीट काढलंय का?" काही नाही. वहीचं पान उलटल्याचा आवाज. त्यानं आवाज चढवला, मग उतरवला, मग कोंबडीसारखा काढला. कोंबडी म्हणून तो बरा होता, पण कोंबडीला वगात काम नव्हतं. तीन मिनिटांत त्याचे सगळे शब्द संपले. नियमानं मिळाली होती सहा.

"पुढे?" कुंभोजकरांचा आवाज आला. माणूस दातांच्या डॉक्टरकडं विचारतो तसा.

दिलदारच्या लक्षात आलं की संपलं. चार वर्षं संपली. आणि मग, संपलंच आहे तर निदान उरलेली तीन मिनिटं तरी फुकट कशाला घालवा, म्हणून तो गप्प झाला आणि त्यानं कंडक्टर केला. खरा. बिनशब्दांचा. खाकीची कॉलर वर केली, काखेत नसलेली पेटी धरली, आणि त्या ऐंशी माणसांतून सरकायला लागला. मानेवर थेंब पडला. भुवई वर गेली. तो सरकला. दुसरा थेंब पडला. त्यानं वर बघितलं नाही, कारण सरकारी माणूस वर बघत नाही. तिसऱ्या थेंबाला एक कान हलला.

स्टुलावरून आधी कुणाच्या तरी नाकातून शेंबूड ओढल्यासारखा आवाज आला. मग जुन्या विहिरीवरचं इंजिन सुरू होताना जसा दोन-तीनदा ठसका लागतो तसा ठसका. आणि मग गुंडू शिपाई हसला. अठरा वर्षं साठवलेलं हसू होतं ते. पोटाच्या तळातून गडगडत आलं, छताला धडकलं, पत्र्यावर फिरलं आणि परत आलं. गुंडूनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, त्यामुळे ते जास्तच भयंकर झालं.

पडद्यापलीकडं खुर्ची मागं सरकली. "हुपरीकर!" कुंभोजकर ओरडले. "हाच! हाच माझा राक्षस!"

संध्याकाळी निकाल लागला. सोंगाड्या : बैठक क्रमांक दहा. राक्षसाचे हास्य (पडद्याआडून) : बैठक क्रमांक अकरा.

आकारामनं निकाल वाचला आणि तो बोर्डाशीच खाली बसला. "दिल्या, मी काय केलं रं हे? मला तर हसवता पन येत न्हाय. आमच्या घरात चार पिढ्या कोन हसल्यालं न्हाय."

"तुला शंभरातलं ऐंशी हाइत," दिलदार म्हणाला.

"इनोदात किती?"

"शून्य. पण ते बंधनकारक न्हाय."

दुसऱ्या दिवशी दिलदार गुंडूला घेऊन प्राचार्यांपुढं उभा राहिला. "सर, ते हसणं माझं नव्हतं. गुंडूमामांचं होतं."

प्राचार्यांनी गुंडूकडं बघितलं. गुंडूचं तोंड नेहमीसारखं होतं, तार वाचल्यासारखं. हा माणूस हसू शकतो यावर परमेश्वराचाही विश्वास बसला नसता.

"बारगीर," प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, "परीक्षार्थीच्या जागी दुसऱ्यानं उत्तर दिलं तर त्याला काय म्हणतात?"

"तोतयेगिरी, सर."

"आणि परीक्षेच्या कामावरच्या शिपायानं ते केलं तर त्याच्या नोकरीचं काय होतं?"

 गुंडूनं टोपी काढली, परत घातली. त्याच्या घरात सहा खाणारी तोंडं होती आणि त्यातली चार पोरींची.

"पडद्याआडून जो आवाज आला तो त्या क्रमांकाचा," प्राचार्य म्हणाले. "आता तुम्ही ठरवा, काय सांगताय ते."

"हसलो मीच, सर," दिलदार म्हणाला.

"मला खात्री होती. विनम्र कलावंत असं कधीकधी करतात."

दारातून बाहेर आल्यावर गुंडूनं दिलदारला थांबवलं. मग म्हणाला, "पोरा, मी हसीन तुझ्यावतीनं. तू फकस्त हसीव."

अशी तालीम सुरू झाली. बारा दिवस. पडद्यापुढं आकाराम पिंपावर काठी मारून विचारायचा, "हाय का कोन आत?" त्याचा सूर असा, की आत कुणी असलं तर त्यानं यात्रेतल्या चौकीत येऊन भेटावं. पडद्यामागं दिलदार कंडक्टर करायचा आणि गुंडू हसायचा. पहिल्या दिवशी पत्रे हादरले. दुसऱ्या दिवशी कुंभोजकर डोळे पुसत म्हणाले, "बारगीर, तुझ्यात एवढं असेल असं तुझ्याकडं बघून वाटत नाही." चौथ्या दिवशी हसू थोडं उशिरा आलं. सहाव्या दिवशी गुंडू कानात म्हणाला, "कंडक्टर आता पाठ झाला गा. दुसरं काय हाय?"

दिलदारनं दुसरं काढलं. न्हावी काढला. झोपेत शिकवणारे इतिहासाचे प्राध्यापक काढले. पाकिटाला लाख लावताना स्वतःचं बोट चिकटवून घेणारे प्राचार्य काढले, त्यावर तीन दिवस निघाले. दहाव्या दिवशी त्यानं शमशुद्दीनना काढलं आणि घरी जाऊन त्याला वडिलांकडं बघवेना. एका प्रेक्षकाला बारा दिवस पुरेल एवढा विनोद कुणाकडंच नसतो. बाराव्या दिवशी गुंडू हसला, पण नोकरी म्हणून हसला. कुंभोजकरांना फरक कळला नाही. दिलदारला कळला.

स्नेहसंमेलन सहा वाजता सुरू झालं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं, त्यात देशापुढच्या अडचणी आल्या. हॉल खचाखच. डावीकडं बायकांत ताजबी, उजवीकडं तिसऱ्या रांगेत शमशुद्दीन. हातात छापील कार्यक्रमपत्रिका. तीत सगळ्यांची नावं होती, राजाचं, प्रधानाचं, पेटीवाल्याचं. फक्त शेवटच्या ओळीत छापलं होतं, 'राक्षसाचे हास्य : बैठक क्रमांक अकरा'. ज्या पात्राचं तोंड दिसत नाही त्याची गोपनीयता मोडण्याचं कारण नाही, असं प्राचार्यांचं म्हणणं पडलं होतं. यादीचं पाकीट नियमाप्रमाणे दोन वर्षं कपाटात राहणार होतं.

वग पडत गेला. राजाची गाणी चुकली, प्रधानाची मिशी सुटली, आणि ज्या ज्या जागी हसायचं त्या त्या जागी आकाराम इतक्या स्पष्ट उच्चारात बोलला, की लोक लक्ष देऊन ऐकायला लागले. मागून एकजण ओरडला, "आरं सोंगाड्या आण की कुणीतरी!" आकारामचं तोंड पांढरं झालं. तो वाट बघत होता ती एकाच गोष्टीची, पिंपाची.

पिंप आलं. आकारामनं काठी मारली. "हाय का कोन आत?"

पडद्यामागं दिलदारनं कॉलर वर केली. थेंब पडला. भुवई गेली. कान हलला.

गुंडू त्याच्याकडं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघावं तसा बघत होता.

"हाय का कोन आत?" आकाराम. दुसरी काठी.

न्हावी. प्राध्यापक. लाख आणि बोट. दिलदारनं तिन्ही एकापाठोपाठ एक झोडले. गुंडूच्या कपाळावर घाम आला. तो तोंड उघडून नुसताच हा हा करून बघायला लागला, पण घशातून हवा आली. "येत न्हाय गा," तो कुजबुजला. "पोरींची शपथ, येत न्हाय."

पुढं शिट्टी वाजली. मग दुसरी. "राक्षस रेशनच्या रांगेत हाय काय रं?" कुणीतरी विचारलं. त्यावर मात्र लोक हसले.

"आत... आत कोन... असल्यास..." आकारामचा आवाज, त्याचा तो खणखणीत आवाज, चिरला.

दिलदारजवळ आता काहीच उरलं नव्हतं. त्यानं समोर बघितलं. निळं कापड. आतली बाजू. दुमडलेल्या कडा, आणि ती वाकडी शिवण. पलीकडं सहाशे माणसं होती, आई होती, बाप होता, आणि मध्ये त्यानं स्वतः मारलेल्या टिपा. चार वर्षं तो याच अंगाला उभा होता. जूनपासून छत्री. त्याचे हात खाली पडले. भुवया जागेवर आल्या. चेहऱ्यावर ठेवायला काही राहिलं नाही म्हणून चेहरा तसाच राहिला, रिकामा, उघडा, कुणाचीही नक्कल न करणारा. तो नुसता उभा होता.

गुंडूनं ते तोंड बघितलं.

नाकातून शेंबूड ओढल्यासारखा आवाज आला. मग ठसका. मग जे आलं ते पहिल्या दिवसापेक्षा मोठं होतं. गुंडू स्टुलावरून खाली बसला, एका हातानं पोट धरलं आणि दुसरा हात दिलदारकडं दाखवत हसत सुटला. थांबेना. मग हॉलही फुटला. सहाशे माणसं एका न दिसणाऱ्या माणसाच्या हसण्याला हसत होती. बाकांवरून पडतील अशी हसत होती. पुढं कुंभोजकर उभे राहून टाळ्या वाजवत होते. आकाराम पिंपाला टेकून रडत होता आणि लोकांना तेही विनोदी वाटत होतं.

दिलदार तसाच उभा होता. एवढं हसण्यासारखं आपल्या तोंडावर काय आहे, हे त्याला बघायचं होतं. पण तिथं आरसा नव्हता.

वग संपल्यावर शमशुद्दीन आणि ताजबी पडदा न्यायला मागं आले. गुंडू तोवर टोपी सारखी करून चहाचे पेले गोळा करत होता. त्याच्या तोंडावर परत तार आलेली होती.

"त्यो अकरा नंबर कोन रं?" शमशुद्दीननी विचारलं. "झ्याक हसला. माझ्याच्यानं पन ऱ्हावलं न्हाय."

दिलदारनं गुंडूकडं बघितलं. गुंडू पेले मोजत होता.

"हाय एकजण," दिलदार म्हणाला.

"आन तू कुठं हुतास?"

"पडद्यामागं."

"ते तर तू दरसालच असतोस."

ताजबी पुढं आली. तिनं लेकाच्या तोंडाकडं बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते तोंड बघून तिला हसू आलं नाही.

शमशुद्दीननी पडद्याचं एक टोक हातात घेतलं आणि दुसरं दिलदारपुढं धरलं.

"नीट धर. घडी वाकडी बसली की वण ऱ्हातोय," ते म्हणाले. "उद्या एका लग्नाला द्यायचाय."